मध्ये न बोलणारा खेळ

आमच्या घरमालकांकडे कुकरलाही मान होता. काका काही सांगत असले आणि शिट्टी झाली, तर ते थांबायचे. शिट्टी पूर्ण विरली की मगच पुढचा शब्द. दुसरं कोणी बोलत असलं तरीही तोच न्याय. दारावरची बेल वाजली तर बाहेरचा माणूस खुशाल उभा राहायचा, पण आत चाललेलं वाक्य पूर्णविरामापर्यंत जायचंच. एकदा गॅसवाला बाहेर खोळंबला होता आणि मी कामावर बॉसने काय घोळ घातला ते सांगत होते. मी उठायला लागले तर काका म्हणाले, "त्याला घाई असेल, पण वाक्य आधी सुरू झालंय. पुरं करा." मी ते कसंबसं पुरं केलं. गॅसवाला इमारतीत नवीन नव्हता, त्यामुळे तो सिलिंडरवर बसून राहिला होता.

मी अकोल्याची. खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीवर आले, तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की तिकडेच कुठेतरी राहा, शहरातून रोज जाण्यायेण्यात जीव जाईल. पण माझ्या आत्याचं मत पडलं की पोरीने पेठेत राहावं, म्हणजे तिची भाषा सुधारेल. म्हणून मी नारायण पेठेतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूची खोली बघायला गेले. घरात काका आणि काकू दोघंच. खोली बघायच्या आधी मुलाखत झाली.

काका निवृत्त होण्यापूर्वी पिंपरीच्या एका कारखान्यात भरती खात्यात होते. आयुष्यभर टेबलाच्या अलीकडे बसून पलीकडच्या माणसांना प्रश्न विचारलेले. निवृत्तीनंतर टेबल गेलं, प्रश्न राहिले. मला त्यांनी जेवणाच्या टेबलाशी, खिडकीचा उजेड तोंडावर येईल अशा खुर्चीत बसवलं.

"आधीची जागा का सोडलीत?"

"आधी घरीच होते."

"घर का सोडलंत?"

"नोकरी लागली म्हणून."

"उद्या नोकरी सोडलीत तर?"

"मी कुठं सोडून राहिली नोकरी?" मी घाबरून माझ्या मूळ भाषेत शिरले.

"सोडलीत की राहिलात, एक काय ते ठरवा," काका म्हणाले. मग त्यांनी घरात कसं वागावं याबद्दल एक वाक्य सुरू केलं. काकांची वाक्यं कारखान्याच्या नियमांसारखी असायची, "जर", "तथापि" आणि "वगळता" घातलेली. ते वाक्य तिसऱ्या "तथापि"पाशी पोहोचलं आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, पुरे. तिला चहा पिऊ दे."

काका थांबले. अर्ध्या शब्दावर थांबले. कपाळावर आठीसुद्धा नाही. "साखर किती?" त्यांनी मला विचारलं, आणि खोली मला मिळाली.

पुढे घराचा नियम कळला तेव्हा मला हे फार गमतीचं वाटलं. कोणी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हा नियम कुकरपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना लागू, आणि काकू मात्र दिवसातून कितीतरी वेळा काकांचं वाक्य मध्येच कापायच्या. मी एकदा काकांना विचारलंच, की काकूंना नियम नाही का.

"ती व्यवस्थापन आहे," ते म्हणाले.

पहिली दिवाळी येईपर्यंत काका मला "उमेदवार" म्हणायचे. "उमेदवारांनी गॅलरीतला दिवा मालवावा." "उमेदवारांना फोडणीचा भात चालेल का?" मग भाऊबीजेच्या सकाळी त्यांनी जाहीर केलं की आजपासून तुम्ही कायम, आणि त्या दिवसापासून मला "अगं" म्हणायला लागले. मुलाखती मात्र थांबल्या नाहीत. दारावर आंबेवाला आला की त्याला "हे काम किती वर्षं करताय, आधी काय करत होतात", असं सुरू व्हायचं. कात्रीला धार लावणाऱ्याला त्यांनी आधीच्या गिऱ्हाइकांपैकी दोघांची नावं मागितली होती. फोनवर प्लॉट किंवा विमा विकणारी मुलगी आली, तर तिचं सगळं पाठांतर ते मान हलवत ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "झालं आपलं? आता माझं ऐका." तोवर तिकडून फोन ठेवलेला असायचा. याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं. "आपण सगळं ऐकून घेतलं," ते काकूंना सांगायचे, "आणि ती ठेवून मोकळी झाली." काकू म्हणायच्या, "सुटली बिचारी."

काकूंचं बोलणं असं चटपटीत. रविवारच्या पेपरातलं शब्दकोडं त्या पेनाने सोडवायच्या. पेन्सिल घेणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. काका शेजारी बसून एखादं आडवं-उभं विचारायला तोंड उघडायचे, तोवर काकूंनी ते भरलेलं असायचं.

मला तिथे येऊन दोन वर्षं होत आली असतील, तेव्हा संक्रांतीच्या सुमारास काकूंना पक्षाघाताचा झटका आला. जिवावरचं टळलं. उजवा हात जड झाला, पाय थोडा ओढत चालायला लागल्या, पण चालायला लागल्या. गेले ते शब्द. म्हणजे सगळं कळत होतं. पंखा लावायचाय हे कळत होतं, पंखा कुठे आहे ते कळत होतं, त्या वर बोट करायच्या आणि तोंडातून यायचं, "चमचा." आणि चमचा नव्हे हेही त्यांना लगेच कळायचं. ते बघवत नसे. त्या रागावायच्या, मान जोरात हलवायच्या, मग गप्प बसायच्या. हळूहळू गप्प बसणंच वाढलं.

बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "शब्द आत आहेत. वाट सापडत नाहीये. तुम्ही पुढे होऊन त्यांच्या तोंडात शब्द घालू नका. त्या शोधत असल्या की थांबा."

"थांबणं मला जमतं," काका म्हणाले.

आणि खरंच, त्यांच्याइतकं चांगलं थांबणारं माणूस मी पाहिलेलं नाही. काकूंनी "ते… ते…" म्हणून सुरुवात केली की काका हातातलं काम खाली ठेवायचे आणि बसून राहायचे. चेहऱ्यावर घाई नाही, कीव नाही. शब्द आला तर ठीक, नाही आला तर "बरं, नंतर" म्हणायचे. पण या सगळ्यात एक गोष्ट झाली. त्या घरात आता काकांची सगळी वाक्यं पुरी व्हायला लागली. बोलता बोलता ते मध्येच कुठेतरी क्षणभर थांबायचे, जिथे पूर्वी काकूंनी नक्की कापलं असतं त्या जागी. आतून काही आलं नाही की मग पुढचं बोलायचे. ऐकताना मला कसंतरी व्हायचं. एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना ते माझ्याशी बोलले. "बाकी काही नको," म्हणाले. "हिने मला एकदा परत गप्प करावं." आणि शर्ट झटकून दोरीवर टाकला.

बाईंनी सांगितलं होतं की व्यायामाबरोबर त्यांना आवडेल असं शब्दांचं काहीतरी हातात द्या. पेपरातलं कोडं डाव्या हाताने भरता येईना. म्हणून मोबाइलवरचे शब्दखेळ हा विचार निघाला, आणि तो माझा होता. बोट लावायचं, अक्षर जागेवर सरकवायचं, पेन नको. मोबाइलचा पडदा लहान पडेल म्हणून काका आणि मी बुधवार पेठेत टॅब घ्यायला गेलो. काकांनी दुकानदाराला विचारलं, "हा टिकाऊ आहे कशावरून?" दुकानदाराने काउंटर पुसता पुसता म्हटलं, "मी काय त्याची पत्रिका काढलीये?" काकांना तो माणूस फार आवडला. टॅब तिथूनच घेतला.

मी एक मराठी शब्दखेळ शोधून टॅबवर घालून दिला. विस्कटलेली अक्षरं दिलेली, त्यांतून शब्द जुळवायचा. वरती चित्रं, फुगे, सगळं छान दिसत होतं. पहिल्या दिवशी दुपारी काकू खेळायला बसल्या, डावीकडे काका, मागे उभी मी. पडद्यावर चार अक्षरं होती. काकूंनी "मो" उचलून पहिल्या घरात ठेवलं. बऱ्याच वेळाने "रा" ठेवलं. ओठ हलायला लागले. मला वाटलं आता येणार, कारण हा शब्द त्यांचा होता. काकूंचा मोरावळा पेठेत प्रसिद्ध. आवळ्याच्या दिवसांत घरात त्याचा वास असायचा. त्यांचं बोट तिसऱ्या अक्षरापाशी थांबलं, थांबलं, आणि बराच वेळ बोट हललं नाही म्हणून खेळाला वाटलं असावं की माणूस उठून गेलं. पडदाभर एक पिवळी इमारत उभी राहिली. ढोलताशे वाजले. एक माणूस ओरडायला लागला, "वाघोलीत या, मोकळा श्वास घ्या."

मी कोपऱ्यातली फुली दाबायला हात पुढे केला. काकांनी माझा हात धरला.

"बोलतोय ना तो," ते म्हणाले.

सवय. वर्षानुवर्षांची सवय, दुसरं काही नाही. वाघोलीच्या माणसाने सगळं सांगितलं, जलतरण तलाव, मंदिर, महामार्ग. तो थांबल्यावर काकांनी विचारलं, "झालं आपलं?" आणि तेवढ्यात दुसरी जाहिरात सुरू झाली, मसाल्याची. खेळ परत आला तेव्हा काकू पडद्याकडे नुसत्या बघत होत्या. "मो…" त्या म्हणाल्या. "मो…" मग त्यांनी टॅब उलटा करून गादीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ज्या माणसाने आयुष्यात कधी कोणाचं वाक्य तोडलं नाही, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच घरात, त्याच्या बायकोचा तोंडापर्यंत आलेला शब्द एका इमारतीने तोडला होता. आणि त्यांनी स्वतः त्या इमारतीला बोलू दिलं होतं. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी लावत बसले.

दुसऱ्या दिवसापासून खेळांच्या मुलाखती सुरू झाल्या.

मी कामावरून आले की काका टॅब घेऊन टेबलाशी तयार. मोबाइलमध्ये जिथून खेळ उतरवून घ्यायचे, त्याला ते एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणत. "आज एक्स्चेंजमधून कोण आलंय?" मी एकेक खेळ उघडायचे आणि ते प्रश्न विचारायचे. पहिला प्रश्न ठरलेला. "याचं पोट कशावर चालतं?" खेळ फुकट असला आणि पोट कशावर चालतं ते कुठे लिहिलेलं नसलं, तर त्याला तिथेच नारळ. खेळाच्या नावाखाली बारीक अक्षरात "जाहिराती आहेत" असं लिहिलेलं असतं, ते मी त्यांना दाखवलं, तेव्हा ते खूश झाले. "निदान अर्जात कबूल तरी करतोय." पण त्यालाही घेतला नाही.

खेळाखाली लोकांनी लिहिलेली मतं असतात. मी चांगली चांगली वाचून दाखवायला लागले तर काकांनी अडवलं. म्हणजे माझं वाचून झाल्यावर अडवलं. "शिफारसपत्रं काय, सगळ्यांचीच चांगली असतात," ते म्हणाले. "सोडून गेलेल्यांना विचार." तेव्हापासून आम्ही फक्त एक तारा दिलेली मतं वाचायचो. रागावलेली माणसं किती उपयोगाची असतात हे मला तेव्हा कळलं. कोणी लिहिलेलं असायचं, दर शब्दानंतर जाहिरात. कोणी लिहायचं, पैसे भरून जाहिराती बंद केल्या तरी खालची पट्टी चालूच. मी कंपनीत याच्यासाठी पगार घेत होते, पण असा साधा उपाय आमच्या साहेबांना कधी सुचला नव्हता.

काही उमेदवार घरात आले आणि आठवड्यात बाहेर गेले. एकात घड्याळ होतं, टिकटिक करणारं. काकू घड्याळाकडेच बघत राहिल्या. एक खेळ चुकलं की भोंगा वाजवायचा. त्याला काकांनी त्याच संध्याकाळी काढला, म्हणाले, "फोरमनची भाषा आहे ही." एक इंग्रजी खेळ इतका सभ्य होता की काकांना तो ठेवून घ्यायचा मोह झाला. एक शब्द मध्ये बोलायचा नाही. पण काकूंचे हरवलेले शब्द मराठी होते, ते त्याच्याकडे कुठून असणार. दुसरा एक मराठी खेळ नेट बंद करून उघडला तर जाहिराती येत नाहीत, ही युक्ती मी काढली. काही दिवस ती चालली. मग तो खेळ नेट नसेल तर उघडेचना. "नेट नाही म्हणून रुसून बसणारा माणूस मी कशाला ठेवू," काका म्हणाले.

एका खेळात मध्ये जाहिरात यायची नाही, पण खाली पट्टी असायची, हलणारी. काकांनी कालनिर्णयाच्या जुन्या पानाची पट्टी कापली आणि टॅबच्या खालच्या भागावर डकवली. दिसायला काम फक्कड झालं होतं. पण काकूंचा अंगठा टॅब धरताना नेमका त्या कागदावर टेकायचा आणि कागद असा पातळ की स्पर्श आरपार. मागच्या मागे दुकान उघडायचं. धावायच्या बुटांचं. दोनचार दिवसांत टॅबची अशी समजूत झाली की या बाईंना धावायचे बूट हवेत, आणि जिथे तिथे बूट दिसायला लागले. एका संध्याकाळी काकूंनी आपल्या पायाकडे बघितलं, मग पडद्यावरच्या लालभडक बुटांकडे बघितलं, आणि हसल्या. झटक्यानंतर त्यांचं हसू पहिल्यांदाच ऐकलं. काका पट्टी सोलत होते ते तसेच थांबले, हसणं पुरं होईपर्यंत.

पण शब्दखेळ काही मिळत नव्हता आणि काकूंचा उत्साह कमी व्हायला लागला होता. टॅब समोर ठेवला की आधीच अंग चोरायच्या, कोणीतरी ओरडणार अशा भीतीने. बाई म्हणाल्या, "राहू दे मग, उगीच त्रास." शनिवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि मला म्हणाले, "चल. वाघोलीला जायचंय."

"कशाला?"

"त्यांना सांगायला."

मी थट्टा समजले. पण त्यांनी छत्री घेतली होती, पाण्याची बाटली घेतली होती, काकूंच्या बहिणीला सोबतीला बोलावून ठेवलं होतं. काकूंनी खाटेवरून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात शब्द नव्हते, पण अर्थ उघड होता. यांच्याबरोबर जा. म्हणून मी गेले. बसने मनपापर्यंत, तिथून दुसऱ्या बसने नगर रोडने वाघोली. उतरल्यावर ती पिवळी इमारत शोधायला वेळ लागला नाही. अर्धी बांधून झाली होती, अर्ध्या भागावर हिरवी जाळी.

"मॅडम आत हायेत, बसा," वॉचमन म्हणाला.

चाळिशीच्या एक बाई हसतमुखाने बाहेर आल्या. गिऱ्हाईक आलं म्हणून त्यांनी आम्हाला नमुन्याचा फ्लॅट दाखवायला घेतला. आता काका सांगतील, मग सांगतील, म्हणून मी वाट बघत होते. पण त्या बोलत होत्या. आणि त्या बोलत असताना काका कसे बोलणार. आम्ही हॉल पाहिला, स्वयंपाकघर पाहिलं, कपडे धुवायची गॅलरी पाहिली, ज्येष्ठ नागरिकांसाठी बांधणार होते त्या कट्ट्याची जागा उन्हात उभं राहून पाहिली. मला भूक लागली होती. शेवटी ऑफिसात बसल्यावर बाई म्हणाल्या, "बोला सर, काही शंका?"

"आपलं बोलणं पूर्ण झालं?"

"हो सर."

"नक्की ना? नंतर काही आठवलं असं नको."

"नाही सर. झालं."

"मागच्या महिन्यात आपण आमच्या घरी आला होतात," काका म्हणाले.

बाई गोंधळल्या. "मी? नाही हो सर."

"आपण म्हणजे ही इमारत. माझ्या बायकोला पक्षाघात झालाय. ती शब्द शोधत होती. मोरावळ्याचा 'रा' लावून झाला होता, आणि ही इमारत मधे येऊन उभी राहिली. बेल न वाजवता."

मग काका बोलले. सगळं बोलले, "जर", "तथापि", "वगळता"सकट. भांडायचा सूर नव्हता. एखाद्या चांगल्या कामगाराला त्याची चूक समजावून सांगावी तसं सांगत होते. बाईंनी एकदाही मध्ये तोंड उघडलं नाही. पंखा फिरत होता. काका थांबले तेव्हा त्यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"सर, जाहिराती एजन्सी टाकते," त्या म्हणाल्या. "कुठे लागतात ते आम्हालाही माहीत नसतं. मी वर कळवते. पण बंद होतील असं खोटं नाही सांगत." मग त्यांनी दाराकडे बघितलं, पर्स उघडली आणि स्वतःचा मोबाइल काढला. "दुपारी इथे कोणी फिरकत नाही. मी हा खेळते."

पडद्यावर जुन्या फाइलीच्या कव्हरसारखा खाकी रंग होता. त्यावर काळी अक्षरं. फुगे नाहीत, चित्र नाही, आवाज नाही.

"मराठी?" काकांनी विचारलं.

"मराठीच. दिवसभर मी लोकांच्या मधे बोलते सर, पोटासाठी. मी खेळत असताना माझ्या मधे कोणी बोललेलं मला चालत नाही."

काका खुर्चीत पुढे सरकले. मुलाखत सुरू झाली होती. "पोट कशावर चालतं याचं?"

"एकदा पैसे भरायचे. मग झालं."

"आणि नंतर?"

"नंतर काही नाही. नेट लागत नाही, घड्याळ नाही. तुम्ही महिनाभर उघडला नाही तरी 'या' म्हणत नाही."

"म्हणजे पुण्याचाच असणार," काका म्हणाले.

परत येताना बसमध्ये ते खिडकीशी बसले होते, समाधानात. "बाई ऐकून घेणारी आहे," एवढंच म्हणाले. "मी भरती खात्यात असतो तर लगेच घेतली असती." मी त्यांना विचारलं, की खेळ दिसायला किती गबाळा आहे, काकूंना आवडेल का. तर म्हणाले, "मुलाखतीला इस्त्री करून येणारे सगळे पाहिलेत मी."

तो खाकी खेळ टॅबवर आला आणि राहिला. काकू पहिले काही दिवस दबकत खेळल्या, मध्येच मान वर करून बघायच्या, कोण येतंय का. कोणी आलं नाही. अक्षरं जिथे ठेवली तिथे तशीच पडून राहायची. दुपारी चार अक्षरं मांडून ठेवलेली असायची आणि संध्याकाळी चहानंतर काकू त्यातलं पाचवं लावायच्या. खेळाला काही वाटायचं नाही. काका शेजारी बसून पेपर वाचायचे, वाचतात असं दाखवायचे. खेळानेच काकूंना बरं केलं असं मी म्हणणार नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाईंचे व्यायाम होते, औषधं होती, वेळ जातच होता. पण शब्दांच्या जवळ जायची त्यांची भीती मोडली ती या गबाळ्या खेळाने, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शब्द आले ते एकेक करून, कसलाही क्रम न पाळता. "उशी" आधी आली, "पाणी" नंतर. "इस्त्री" आली तेव्हा कपडे नव्हतेच समोर. पुढच्या हिवाळ्यात काकूंच्या बहिणीने बरणी आणून टेबलावर ठेवली. काकूंनी बरणीकडे बघितलं आणि अगदी सहज, आपण "ऊन पडलंय" म्हणावं तसं, म्हणाल्या, "मोरावळा." काकांनी पेपराचं पान उलटलं. ते पान उलटं धरलेलं होतं हे मी त्यांना सांगितलं नाही.

काका मात्र अजूनही बोलता बोलता त्या एका जागी थांबायचे. क्षणभर कान द्यायचे. मग पुढे जायचे. काकू आता बोलायच्या, पण आपली पाळी आली की. त्यांना शब्द जमवायला वेळ लागायचा, आणि मध्ये बोलायला तर शब्द हाताशी तयार लागतात. मी काकांकडे बघायचे आणि माझ्या खोलीत निघून जायचे.

मागच्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी खोली सोडायचं सांगितलं. घर कुठे घेतलं ते सांगायला जीभ रेटत नव्हती. वाघोलीत. काका म्हणाले, "मोकळा श्वास घ्या."

माझ्या जागी बीडची एक मुलगी आली, पेठेजवळच्याच कुठल्या कॉलेजात शिकवणारी. मी सामान बांधत होते आणि बाहेर तिची मुलाखत चालली होती. आधीची जागा का सोडलीत, वगैरे. ती बिचारी खिडकीच्या उजेडात डोळे बारीक करून उत्तरं देत होती. चहा टेबलावर येऊन पडला होता, पण काका थांबेपर्यंत कपाला हात कसा लावावा ते तिला कळत नव्हतं. काकू आत खाटेवर टॅब घेऊन बसलेल्या. मी दोरी बांधता बांधता ऐकत होते.

"आता सर्वांत महत्त्वाचं," काका म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "या घराचा नियम एकच आहे, आणि तो घरातल्या सर्वांना लागू आहे. तो असा की, जर कोणी बोलत असेल, मग ते कोणीही असो, तथापि विषय कितीही किरकोळ असला तरी, त्या वेळी मध्ये…"

"अहो, पुरे," आतून आवाज आला. थोडा जड, पण स्पष्ट. "तिला… चहा… पिऊ दे."

दोरी माझ्या हातातून सुटली. मी दारात आले. काकांचं तोंड उघडंच होतं, त्या "मध्ये"वर. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. ती मुलगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

मग काकांनी तोंड मिटलं. बशी तिच्यापुढे सरकवली.

"साखर किती?" त्यांनी विचारलं.

ती मुलगी आज तिथेच राहते. मी पेठेत गेले की भेटते. फार बोलकी आहे, काकांचं वाक्य दोनदा तरी मध्येच तोडते. या घराचा नियम काय आहे, ते तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.